एसडब्ल्यूआर छान, रिपोर्ट मात्र रडका: दर पावसाळ्यात परतणारा बिघाड

जून सरत आला की आमच्याकडे, म्हणजे इंदूरच्या माझ्या हॅम रेडिओवर, एक ठरलेला प्रसंग घडतो. सकाळी साडेसातला चाळीस मीटरवर (७ मेगाहर्ट्झच्या बँडवर) रोजची मंडळी जमतात, मी हाक देतो. पुण्याचे एक वडीलधारे ओएम ('ओल्ड मॅन', हॅम मंडळी एकमेकांना असंच म्हणतात) उन्हाळाभर मला "पाच-नऊ, शेजारच्या खोलीतून बोलताय जणू" असा रिपोर्ट, म्हणजे सिग्नलला पूर्ण गुण, देत असतात. तेच आता म्हणतात, "इंदूरहून कोणी होतं का? पुटपुट ऐकू आली." पुणं इथून हवाई रेषेत साधारण ५०० किलोमीटर. सकाळच्या वेळी चाळीस मीटरला हे अंतर म्हणजे अंगण. १०० वॉटचा सेट तिथवरही धड पोचू नये याची लाज वाटायची.

सलग तीन पावसाळे हेच झालं. दरवेळी मी काहीतरी केलं, दरवेळी दिवाळीपर्यंत सगळं ठीक झालं, आणि ते माझ्यामुळेच झालं असं मी समजत राहिलो. खरं तर ऊन पडल्यामुळे होत होतं. पहिल्या वर्षी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडे पाठवलेली ताकद किती परत येते ते सांगणारा आकडा, एकच्या जितका जवळ तितका चांगला) दोनच्या वर गेला म्हणून डायपोलच्या, म्हणजे दोन बाजूंना ताणलेल्या तारेच्या अँटेनाच्या, दोन्ही टोकांची १५-१५ सेंटीमीटर तार कापली. दुसऱ्या वर्षी एसडब्ल्यूआर १.४ म्हणजे अगदी दृष्ट लागण्यासारखा होता, तरी रिपोर्ट पडेल. म्हणून सेटवर संशय घेतला, मायक्रोफोन बदलला, मेन्यूतले सगळे आकडे फिरवले आणि शेवटी सेट एका दुरुस्तीवाल्याकडे टाकला. त्याने झाकण उघडून "फायनल ट्रान्झिस्टर (ताकद बाहेर काढणारे शेवटचे) थकलेत" असं सांगितलं आणि जो आकडा सांगितला, त्यात घरचा फ्रिज बदलला असता. तिसऱ्या वर्षी मात्र मी हट्टाला पेटलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक मोजमाप वहीत लिहायचं, एवढे दोनच नियम केले.

बिघाड एक नव्हता, तीन होते. तिघे एकमेकांवर पांघरूण घालत होते.

आधी सेट निर्दोष आहे का ते बघा

हे पहिलं, कारण सेट महाग असतो आणि संशय नेहमी महागड्या वस्तूवर जातो. अँटेना काढा, तिच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (ताकद नुसती पिऊन टाकणारा रोध) लावा, सीडब्ल्यू (मोर्स) किंवा एफएम मोडमध्ये दहा सेकंद की दाबा, म्हणजे ट्रान्समिट करा, आणि वॉट बघा. एसएसबीत (बोलण्याच्या नेहमीच्या मोडमध्ये) शिट्टी वाजवून वॉट मोजणारे पुष्कळ भेटतात. त्या आकड्यावर मी जात नाही.

डमी लोड विकत घ्यायलाच हवा असं नाही. १ किलोओहम, २ वॉटचे २० कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडले की बरोबर ५० ओहम आणि ४० वॉट होतात. दोन तांब्याच्या चकत्यांमध्ये ते उभे सोल्डर करायचे. १०० वॉटसाठी तोच गठ्ठा ट्रान्सफॉर्मर ऑइल भरलेल्या डब्यात बुडवला की दहा-पंधरा सेकंदांपुरतं काम होतं. वायरवाउंड रेझिस्टर चालत नाहीत, ते स्वतःच कॉइल असतात. इंदुरातल्या महाराणी रोडवर मी रेझिस्टर मागितले तेव्हा दुकानदाराने पहिल्यांदा वायरवाउंडच पुढे केले होते, म्हणून मुद्दाम सांगतो.

माझ्या सेटने डमी लोडवर ९८ वॉट दिले. फायनल थकलेले वगैरे काही नव्हते. पण हे ९८ वॉट सेट टेबलावर, पॉवर सप्लायच्या शेजारी ठेवून मोजले होते. तो नेहमीच्या जागी, खिडकीजवळच्या मांडणीवर ठेवून मोजला तेव्हा ६५ आले. सेट तोच, डमी लोड तोच. मधे फरक होता तो फक्त तीन मीटर जादा वायरीचा.

१३.८ व्होल्ट वाटेत कुठे जातात

१०० वॉटचा एचएफ सेट पूर्ण ताकदीने बोलताना २० ते २२ अँपिअर ओढतो. एवढा करंट घरात गीझरदेखील घेत नाही, पण गीझरला २३० व्होल्ट असतात, तिथे दोन व्होल्ट गेले तर कोणाला कळतही नाही. आपल्याला मुळात १३.८ च मिळतात. बहुतेक सेटच्या पुस्तिकेत १३.८ अधिक-उणे १५ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे खालची हद्द ११.७.

मी सप्लाय कपाटाखाली ठेवला होता आणि सेटच्या मूळ केबलला घरात पडलेली दीड स्क्वेअर एमएमची तीन मीटर वायर जोडली होती. दीड स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण १३ मिलिओहम असतो. जायला तीन आणि यायला तीन, असे सहा मीटर धरा. परतीची वायर हिशेबात धरायला लोक विसरतात. सहा मीटरचे झाले सुमारे ०.०८ ओहम, आणि २० अँपिअरला १.६ व्होल्ट तिथेच गेले. मूळ केबलचे ०.६ वेगळे. फ्यूजच्या पाकिटात पात्यांवर हिरवट बुरा चढला होता, तिथे आणखी ०.३.

मल्टिमीटरच्या दोन टाचण्या सेटच्या मागच्या सॉकेटजवळ वायरीत खुपसल्या. गप्प असताना १३.७. की दाबली तर ११.२. सप्लायच्या टर्मिनलवर मात्र तेव्हाही १३.७ च होते, आणि सप्लायच्या तोंडावरचा झकास डिजिटल आकडा मला तीन वर्षं तेच दाखवत होता. मोजायचं ते सेटपाशी आणि बोलताना.

व्होल्टेज असं बसलं की नुसते वॉट कमी होत नाहीत, आवाजही फाटतो. शब्दाच्या शिखरावर फायनलला पुरेसा श्वास मिळत नाही, सिग्नल पसरतो, आजूबाजूची मंडळी कुरकुरतात, आणि आपण मायक्रोफोन बदलत बसतो. आणखी खाली गेलं तर सेट 'हॅलो' म्हणताच बंद पडून पुन्हा सुरू होतो. इथल्याच सुदामा नगरातला एक मुलगा, नुकतंच लायसन्स मिळालेला, "काका, माझा सेट घाबरतो" म्हणून आला होता, त्याचं हेच निघालं. त्याने बॅटरीला लावायच्या मगरचिमट्यांनी सेट जोडला होता.

उपाय बिनखर्ची आहे. सप्लाय उचलून सेटपाशी आणा, जोडवायर काढून टाका. अंतर टाळताच येत नसेल तर सहा स्क्वेअर एमएम घ्या, तिचा रोध मीटरला साडेतीन मिलिओहमच्या आत असतो. थिंबल चेपून वर सोल्डरचा थेंब द्या. फ्यूजची पाती पॉलिश पेपरने घासा. माझ्याकडे बोलताना ११.२ होते ते १२.९ झाले आणि मांडणीवरही ९८ वॉट निघू लागले.

रिपोर्ट सुधारला, पण थोडासाच. आवाज साफ झाला, जोर येईना.

कोॲक्सने प्यायलेलं पाणी

पहिलं वर्ष सोडलं तर पाऊस पडला की माझा एसडब्ल्यूआर बिघडत नव्हता, सुधारत होता, आणि मी त्यावर खूश होतो. त्याच खुशीने माझा घात केला.

एसडब्ल्यूआर मीटर करतो काय? सेटमधून किती ताकद गेली आणि किती परत आली हे बघतो. परत कमी आली तर म्हणतो, वा, अँटेनाने सगळं घेतलं. पण वाटेतल्या केबलनेच, म्हणजे कोॲक्सनेच, ती गिळली असेल तर? विहिरीवरून गळकी कळशी घेऊन कोणाला घरी पाठवा. जाताना दोन हिस्से सांडलं, घरच्यांनी उरलेल्यातलं थोडं परत दिलं, येताना त्यातलंही सांडलं. विहिरीवर बसलेल्याला कळशी रिकामी दिसते आणि वाटतं, घरी सगळं पाणी पोचलं. मीटर सेटपाशी म्हणजे विहिरीवर बसलेला असतो.

केबल किती गळकी आहे हे शोधायची सोपी तपासणी आहे, आणि ती मी पहिल्याच वर्षी करायला हवी होती. गच्चीवर जाऊन कोॲक्स अँटेनापासून सोडवा. वरचं टोक मोकळं, उघडं ठेवा. खाली सेट काढून तिथे नॅनोव्हीएनए किंवा कुठलाही अँटेना ॲनालायझर लावा आणि ७.१ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर वाचा. सेट लावून उघड्या केबलवर की दाबू नका आणि नॅनोव्हीएनएमध्ये चुकूनही ट्रान्समिट करू नका, तो तत्क्षणी जाईल.

इथे गंमत उलटी असते. उघड्या टोकावरून सगळी ताकद परत यायला हवी, म्हणून एसडब्ल्यूआर जितका वाईट तितकी केबल चांगली. माझ्याकडची कोॲक्स आरजी-५८ जातीची, सुमारे २५ मीटर. नवी असताना चाळीस मीटरला तिच्यात एका खेपेला साधारण एक डेसिबल जातो, जाऊन-येऊन दोन, आणि मीटरवर साडेआठ-नऊ असा आकडा दिसायला हवा. आकडा तीन दिसला तर एका खेपेला तीन डेसिबल जातात, म्हणजे निम्मी ताकद केबलमध्येच संपते. दोन दिसला तर पावणेपाच डेसिबल, म्हणजे वर पोचतो तो एक तृतीयांश.

माझा आकडा होता २.०.

पुढचा हिशेब मी गच्चीवरच, पाण्याच्या टाकीला टेकून केला. वर अँटेनाशी खरा एसडब्ल्यूआर ३ असला, तरी एवढ्या गळक्या केबलच्या खालच्या टोकाला तो १.४ दिसतो. १.४! ज्याच्यावर मी दुसऱ्या वर्षी निर्धास्त होतो तोच आकडा. केबलचं नुकसान आणि त्यावर बिघडलेल्या जुळणीचं जादा नुकसान धरलं, तर १०० वॉटमधले जेमतेम २५ तारेपर्यंत पोचत होते. २५ आणि १०० मध्ये सहा डेसिबल, म्हणजे सिग्नल मोजणाऱ्या एस-मीटरवर एक एस-युनिट. त्यात मघाचे बसलेले व्होल्ट मिळवा. पुण्याच्या ओएमना पुटपुट ऐकू येत होती यात त्यांच्या कानांचा काही दोष नव्हता.

आणि वर ३ कशाने झाला? मीच कापलेल्या तारेने. चाळीस मीटरचा अर्धतरंग डायपोल ७.१ मेगाहर्ट्झला टोकापासून टोकापर्यंत साधारण २० मीटर, एका बाजूला १० (मधे उंच, टोकं खाली अशा इन्व्हर्टेड व्हीला थोडा कमी). त्यातून प्रत्येकी १५ सेंटीमीटर म्हणजे दीड टक्का कापला की रेझोनन्स, म्हणजे अँटेना सर्वांत चांगली चालते ती फ्रिक्वेन्सी, सुमारे १०० किलोहर्ट्झ वर सरकतो. मुळात ७.१५ ला असलेली एसडब्ल्यूआरची दरी मी ७.२५ ला नेऊन ठेवली होती, आणि आपल्याला भारतात बँड मिळतो तो ७.० ते ७.२. जिथे बोलायची परवानगी नाही तिथे माझी अँटेना सर्वोत्तम काम करत होती.

केबल वरून फूटभर कापली. कातर दाबताच टोकातून एक काळपट थेंब बोटावर आला. जाळी तांब्याची राहिलीच नव्हती, चहापत्तीसारखी काळी, चुरगळली तर भुकटी. आणखी एक मीटर कापलं, तरी काळी. तिथून पुढे मोजणं सोडलं आणि सबंध २५ मीटर बदलली. जाळीतून पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं सरकतं, खाली-वर दोन्हीकडे. दोन-चार मीटर कापून केबल वाचेल या आशेवर राहू नका.

पाणी शिरलं कुठून, हे खरं परतणाऱ्या बिघाडाचं मूळ. वरचा कनेक्टर मी आकाशाकडे तोंड करून बसवला होता आणि त्याला काळी पीव्हीसी टेप गुंडाळली होती. मे महिन्यात इथे गच्चीवर पाय ठेववत नाही. त्या उन्हात टेपचा डिंक वितळून खाली ओघळतो, टेप सैल पडते, आणि जूनमध्ये ती छत्री नसून पन्हळ झालेली असते.

आता जे केलं आहे ते असं. कनेक्टरचं तोंड खाली. केबल तिथून सरळ खाली न नेता एक लोंबता झोल देऊन मग पाइपला बांधली, म्हणजे थेंब झोलाच्या पोटाशी येऊन टपकतात. सांध्यावर सेल्फ-बाँडिंग रबर टेप, निम्म्या रुंदीपर्यंत ताणून. ती गुंडाळायची खालून वर, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर चढतो, कौलांसारखा. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक वेढ्याची कड पावसाला ओंजळ धरून उभी राहते. रबर टेपवर उन्हासाठी पीव्हीसी टेप. बलूनचा (डायपोल आणि कोॲक्स यांना जोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) डबा वरून बंद केला, पण तळाला तीन मिलिमीटरचं भोक ठेवलं. डब्यात वाफ धरतेच, ती बाहेर पडायला वाट हवी. सिलिकॉन लावायचंच असेल तर नळी उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ते तांबं खातं, न्यूट्रल क्युअर लिहिलेलं आणा.

पीएल-२५९ कनेक्टर सोल्डर करताना नुसती मधली पिन न भरता जाळीही भोकांतून भरा. त्याला २५ वॉटची पेन्सिल इस्त्री पुरत नाही, ६० ते १०० वॉटची जाड टोकाची लागते. नाहीतर सोल्डर वरवर बसतं आणि केबल हलवली की एसडब्ल्यूआर नाचतो.

केबल बदलल्यावर एसडब्ल्यूआर ७.०८ ला ३ दिसला आणि मला आनंद झाला, कारण पहिल्यांदाच मीटर खरं बोलत होता. कापलेली तार परत जोडली, दरी ७.१ वर आणली. पावसात प्लॅस्टिक आवरणाची तार ओली झाली की रेझोनन्स थोडा खाली सरकतो, तेवढं चालायचं. त्यासाठी कोणी पकड घेऊन वर चढू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून: "अहो, उन्हाळा संपलाय ना तुमच्याकडे?"

तिन्हीसांजेची गुणगुण

बोलणं सुधारलं, ऐकणं राहिलं. दिवसा बँड शांत, पण संध्याकाळी पावणेसात-सातला एस-मीटर एस-७ वर चढून बसायचा. दर ६०-७० किलोहर्ट्झवर एक जाड, किंचित हलणारी गुणगुण. असे ठरावीक अंतरावरचे उंचवटे दिसले की समजायचं, कुठेतरी एसएमपीएस (चार्जरमध्ये असतो तसा स्विचिंग पॉवर सप्लाय) आहे. नुसतीच चरचर असेल आणि तिच्यात १०० हर्ट्झचा घरघराट असेल, तर विजेच्या खांबावरचं स्पार्किंग. ते बहुधा कोरड्या, धुळीच्या दिवसांत वाढतं आणि पहिल्या चांगल्या पावसात इन्सुलेटर धुतले की जातं. ते काम वीज कंपनीचं, खांबाचा नंबर लिहून द्यायचा आणि वाट बघायची.

मला वाट सापडली ती जुन्या बिटेक्समुळे. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी आखलेला तो साधा, स्वस्त सेट. भारतात कितीजणांची सुरुवात त्याच्यावर झाली. पाच-सात वॉटचा तो खोका मी एका रात्री बॅटरीवर गच्चीत लावला, दहा मीटर तार नुसती कठड्यावर टाकून, आणि त्याच्यावर बँड शांत! खाली महागडा सेट गुणगुणतोय आणि वर हा गरीब माणूस नागपूर-नाशिक आरामात ऐकतोय. म्हणजे आवाज आकाशातून येत नव्हता, घरातूनच तारेवर स्वार होत होता.

मग नेहमीचा सोपा प्रयोग. सेट बॅटरीवर घ्या आणि घराचा मेन स्विच पाडा. (आधी घरच्यांना सांगा. मी सांगितलं नव्हतं, स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता.) एस-७ वरून काटा एस-३ वर आला. चार एस-युनिट, २४ डेसिबल, सगळे माझ्याच घरातले. मग एकेक एमसीबी वर करत गेलो. बैठकीचा वर, काही नाही. स्वयंपाकघर, काही नाही. मधल्या खोलीचा वर केला आणि गुणगुण हजर.

मधल्या खोलीत देवघर आहे. त्याच्या कमानीला एलईडी दिव्यांची माळ, तिला बोटाएवढा अ‍ॅडॉप्टर, आणि ती आई रोज तिन्हीसांजेला लावते. मी आईला समजावून सांगितलं की या माळेमुळे माझा रेडिओ बिघडतो. आई म्हणाली, "आणि तू बोलायला लागलास की माझी माळ लुकलुकते, त्याचं काय? मी तीन वर्षं समजत होते देव हुंकार देतोय."

तिचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. जी वाट कचरा रेडिओत आणते तीच वाट आपली आरएफ, म्हणजे रेडिओची ताकद, घराच्या वायरिंगमध्ये नेते. ती वाट म्हणजे कोॲक्सच्या जाळीची बाहेरची बाजू. डायपोल समतोल, केबल असमतोल. मधे चोक (जाळीच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारे फेराइटवरचे वेढे) नसेल तर जाळी बाहेरून अँटेनासारखी वागते. टीव्हीची कुरकुर, कॉम्प्युटरचा माउस अडकणं, मायक्रोफोनच्या जाळीचा ओठाला चटका, सगळी याचीच भावंडं.

माळेचा अ‍ॅडॉप्टर बदलला. जुन्या कॉर्डलेस फोनचा लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाला जड अ‍ॅडॉप्टर घेतला, पुढे एक ७८०५ रेग्युलेटर लावला. माळ तशीच उजळते, गुणगुण गेली. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरचंही तेच केलं, फक्त तिथे १२ व्होल्टसाठी ७८१२. आणि कोॲक्सला दोन चोक: एक वर फीडपॉइंटला (केबल डायपोलला मिळते तिथे), एक खिडकीतून आत येते तिथे. ३१ मिक्स जातीच्या फेराइटच्या २.४ इंची टोरॉइडवर (कड्यावर) आरजी-५८ चे दहा-बारा वेढे. ३१ मिक्स खालच्या एचएफ बँडना चांगलं. वीस मीटर आणि त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीवरच वावर असेल तर ४३ चालेल. जुन्या मॉनिटरच्या केबलवरचा फेराइटचा मणी एकदाच अडकवून फरक पडेल अशी आशा करू नका, खरं काम वेढे करतात. आता माझ्याकडे संध्याकाळी एस-३, कधी एस-२.

अर्थिंगबद्दल एक कंस. गुणगुणीवर उपाय म्हणून लोक आधी जमिनीत सळई ठोकतात. आपली माळव्याची काळी माती पावसाळ्यात छान ओली असते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून सळईपासून सुटते. सुरक्षिततेसाठी अर्थिंग हवंच, कोळसा-मीठ घालून आणि उन्हाळ्यात पाणी घालून. पण डायपोलवरची एसएमपीएसची गुणगुण त्याने जाईल असं नाही. माझी तर वाढली होती. आणि ढग गडगडायला लागले की कोॲक्स सेटपासून काढून खिडकीबाहेर. इथे अर्थिंग आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांपैकी मी नाही.

उरलेलं, झटपट

प्रीॲम्प (आलेला सिग्नल वाढवणारा भाग) चाळीस मीटरला बंद ठेवा. खात्री करायची तर अँटेना काढा. स्पीकरमधली खरखर एकदम पडली, तर सेटला बँडचा आवाज आधीच पुरेसा ऐकू येतोय, प्रीॲम्प फक्त तो फुगवून दाखवेल. संध्याकाळी उलट अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावा किंवा आरएफ गेन थोडा खाली घ्या. एस-मीटर पडतो, माणूस स्पष्ट होतो.

माइक गेन: स्पीच प्रोसेसर बंद करून सुरुवात करा, नेहमीच्या आवाजात बोला, एएलसीचा (ताकद आपोआप आवरणाऱ्या भागाचा) काटा शब्दाच्या जोरावर जरासा हलेल एवढाच गेन द्या. मी दुसऱ्या वर्षी तो ८० वर नेला होता, आता ३५ वर आहे. एफटी-८ (कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल मोड) करणाऱ्यांनी एएलसी जवळजवळ शून्य ठेवावी आणि ताकद ३०-४० वॉटवर आणावी. एकाआड एक येणाऱ्या आपल्या पंधरा सेकंदांच्या पाळीत जवळपास तेरा सेकंद सलग कॅरिअर जातो, त्यात फायनल खरोखर थकतात.

आणि भर दुपारी सगळं बरोबर असूनही सिग्नल पडले तर सेट उघडू नका. उन्हाने आयनोस्फिअरचा सगळ्यात खालचा डी थर दाट होतो आणि चाळीस मीटर खातो, चार वाजले की परत येईल.

या जुलैत पहिल्या मोठ्या पावसानंतर तिसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन उघड्या टोकाची तपासणी पुन्हा केली: ८.४. वहीत लिहिलं. सेटपाशी बोलताना १२.९. सातच्या सुमाराला एस-३.

एकच गोष्ट राहिली आहे. सकाळी ऊन वर आलं की ७.१३ च्या आसपास एक बारीक सरसर सुरू होते आणि सूर्य मावळला की जाते. मेन स्विच पाडूनही ती राहते, त्यामुळे आपली नव्हे. गल्लीच्या पलीकडच्या घरावर गेल्या हिवाळ्यात सोलर पॅनेल बसले, इन्व्हर्टर जिन्यात आहे. काल त्या गृहस्थांना विचारलं, दोन मिनिटं त्याचा एमसीबी पाडून बघू का. म्हणाले, "अरे भिया, बंद कर देंगे, उसमें क्या है." रविवारी सकाळी पोह्यांना बोलावलंय. बिटेक्स आणि बॅटरी पिशवीत भरून ठेवली आहे.